प्रकाश शेवटी वाढवा: झाडांची टाकी लावताना आणि सुधारताना

झाडांची टाकी, म्हणजे पाण्याखाली झाडं वाढवलेली माशांची काचेची टाकी, नीट चालेनाशी झाली की बहुतेकांचा हात आधी दिव्याकडे जातो. जास्त उजेडाचा दिवा येतो, पंधरवड्यात काचेवर हिरवे ठिपके उमटतात, मग पानांच्या कडांना काळी दाढी, म्हणजे काळं केसाळ शेवाळ, फुटते आणि मला फोन येतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला: "दिवा किती तास चालू असतो?" उत्तरही ठरलेलं: "झोपेपर्यंत."

म्हणून मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते. प्रकाश पडला की झाड कामाला लागतं. कामाला लागलेल्या झाडाला कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, लोह हे सगळं त्याच वेगाने मिळायला हवं. यातलं एक जरी कमी पडलं तरी वाढ तिथेच अडते, जुनी पानं झिजू लागतात आणि झिजलेल्या पानावर शेवाळ हमखास बसतं. तेव्हा टाकी लावताना प्रकाश बेताचा ठेवायचा, आणि पुढे सुधारणा करताना त्याला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

टाकी आणि तळ

पहिल्या टाकीसाठी मी ६० × ३० × ३६ सेंटीमीटरचं माप सुचवते. लांबी, रुंदी, उंची गुणून १००० ने भागलं की लिटर निघतात. इथे जवळपास ६५. पण खडी, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी ५० लिटरच्या आसपास उरतं. खताचा, औषधाचा हिशेब या ५० वर करायचा, ६५ वर नाही. छोटी टाकी सांभाळायला सोपी वाटते, पण तसं नसतं. १५-२० लिटर पाण्याचं तापमान आणि रसायन फार लवकर हलतं, नवख्या माणसाला सावरायला वेळच मिळत नाही.

भरलेल्या टाकीचं वजन ८०-९० किलोच्या घरात जातं, त्यामुळे स्टँड भक्कम आणि सपाट हवा. लेव्हलची नळी ठेवून बघाच. एका बाजूला उतार असेल तर काचेच्या जोडावर ताण येतो. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळा. टाइमर दिव्याला लावता येतो, सूर्याला नाही.

तळाला दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ॲक्वासॉइल: भाजलेल्या मातीचे पोषणयुक्त दाणे. त्यात झाडं जोमाने धरतात आणि पाणी थोडं आम्लधर्मी, मऊ राहतं. पण पहिले काही आठवडे त्यातून अमोनिया सुटत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत त्यातलं खत ओसरतं. दुसरा मार्ग साधी, धुतलेली २-३ मिलिमीटरची खडी आणि मुळांशी खताच्या गोळ्या. मला स्वतःला दुसरा आवडतो, कारण खडी कितीही वेळा उपसली तरी तिचा चिखल होत नाही आणि माझा हात सतत टाकीत असतो. पुढे ४ सेंटीमीटर, मागे ८ असा उतार दिला की खोलीही दिसते आणि मागच्या उंच झाडांच्या मुळांना जागाही मिळते. सरासरी ६ सेंटीमीटर धरली तर या टाकीला साधारण ११ लिटर खडी लागते.

दगड आणायच्या आधी त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. असा दगड पाणी हळूहळू जड, म्हणजे क्षारयुक्त, करत राहतो. लाकूड नवं असेल तर आठवडाभर बादलीत बुडवून ठेवा. त्यातून चहाच्या रंगाचं पाणी सुटतं आणि टाकीत गेल्यावर त्यावर पांढरा बुळबुळीत थर येतो. दोन्ही निरुपद्रवी आहेत. तो थर बघून अनेक जण लाकूड फेकून देतात. काही आठवडे थांबलं तर तो आपोआप जातो, आणि गोगलगायी असतील तर त्याहूनही लवकर.

फिल्टर ताशी टाकीच्या पाण्याच्या ५ ते १० पट पाणी फिरवणारा घ्यावा, म्हणजे इथे ताशी २५० ते ५०० लिटर. दिव्याच्या बाबतीत लिटरमागे १५-२० ल्युमेन (उजेडाचं एकक) सुरुवातीला भरपूर झाले, आणि टाइमरवर सहा तास. टाइमर घ्याच. स्वतः दिवा चालू-बंद करणाऱ्या माणसाला पाहुणे आले की दिवा रात्री अकरापर्यंत चालू राहतो.

झाडं निवडणं आणि लावणं

सुरुवातीलाच भरपूर झाडं लावा. दोन कोपऱ्यांत दोन झुडपं लावून "पसरतील हळूहळू" म्हणणाऱ्याच्या टाकीत आधी शेवाळ पसरतं. तळाचा निम्म्याहून जास्त भाग पहिल्याच दिवशी झाकला गेला पाहिजे, आणि त्यात झपाट्याने वाढणारी झाडं हवीतच: हायग्रोफिला, लिम्नोफिला, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, पाण्यावर तरंगणारी साल्व्हिनिया. ही पाण्यातला अमोनिया थेट उचलतात. नंतर नकोशी झाली तर काढून टाकता येतात. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस ही मंडळी कमी प्रकाशात निवांत जगतात, पण इतकी सावकाश वाढतात की शेवाळाशी स्पर्धा करणं त्यांना जमत नाही. त्यांना सावलीत ठेवा.

अनुबियास आणि जावा फर्नचा जाड आडवा कंद खडीत पुरायचा नाही. पुरला की तो कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा, नाहीतर सायनोॲक्रिलेट जेलचा एक थेंब लावून चिकटवा. हा डिंक पाण्यात घट्ट होतो आणि माशांना त्याचा त्रास नाही.

कुंडीतलं झाड लावणं हे खरं हाताचं काम. क्रिप्टोकोरिनची छोटी जाळीदार कुंडी घ्या, कात्रीने बाजूने कापा. आत मुळांभोवती राखाडी लोकरीसारखा पदार्थ असतो, रॉकवूल. तो पाण्याच्या भांड्यात धरून बोटांनी सोडवत राहा. ओढाल तर मुळं तुटतील. शेवटचे धागे चिमट्याने काढावे लागतात आणि तिथे कंटाळा नको. एका कुंडीतून चार-पाच सुटी रोपं निघतात. लांब मुळं बोटाच्या एका पेरभर ठेवून छाटा. आता रोपाचा बुंधा मुळांसकट लांब चिमट्यात आडवा पकडा, खडीत तिरका घाला, ठरवलेल्या खोलीपेक्षा थोडा जास्त खाली न्या, चिमटा किंचित सैल करा आणि त्याच कोनात अलगद हलवत बाहेर काढा. सरळ वर उचललात तर रोपही बरोबर वर येतं. पानं जिथून फुटतात तो भाग खडीच्या वर दिसला पाहिजे. हे सगळं टाकीत चार बोटं पाणी असताना करा, पानांवर मधूनमधून पाण्याचा फवारा मारत. भरलेल्या टाकीत काखेपर्यंत हात घालून रोप लावणं म्हणजे तरंगणाऱ्या रोपांच्या मागे धावणं.

देठाची झाडं, म्हणजे रोटाला, बाकोपा वगैरे, एकेक काडी सुटी करून दोन-तीन सेंटीमीटर अंतराने लावायची. जुडगा तसाच खोचला तर आतल्या काड्यांना प्रकाश मिळत नाही आणि त्या खालून सडतात.

पाणी भरताना खडीवर ताटली किंवा प्लास्टिकची पिशवी ठेवा आणि तिच्यावर धार सोडा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या बादलीत दिवसभरात बरंचसं उडून जातं, पण क्लोरामाइन असेल तर तसं उडत नाही, म्हणून डिक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रावण, वापरणंच बरं.

पहिले आठवडे

आता तुमची परीक्षा. दुकानातली बरीच पाणझाडं हवेत, दमट जागेत वाढवलेली असतात. त्या पानांवर मेणचट आवरण असतं आणि पाण्याखाली ती फारशी उपयोगाची नसतात. झाड ती टाकून पातळ, नव्या धाटणीची पानं काढतं. क्रिप्टोकोरिन तर कधीकधी पूर्ण विरघळून जाते. ती उपटू नका. कुजलेली पानं कापून काढा, मुळं तिथेच राहू द्या; काही आठवड्यांत मधून नवा कोंब येतो. रोप मेलं का हे जुन्या पानांवरून ठरवायचंच नाही, शेंडा आणि मधला कोंब बघायचा.

दरम्यान टाकी मुरू द्यायची. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून, सडक्या पानांतून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य आणि झाडांचं खत. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर वसतात आणि पुरेसे व्हायला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात. ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. दुकानातल्या बाटलीपेक्षा माझा त्या मळकट स्पंजवर जास्त विश्वास आहे.

साधी खडी असेल तर लिटरमागे २ मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया घाला आणि थेंबांच्या किटने तपासत राहा. हा डोस २४ तासांत अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य असा पचू लागला की टाकी तयार. ॲक्वासॉइल असेल तर अमोनिया घालायची गरज नाही, तो आधीच सुटतोय. तिथे पहिला आठवडा एक-दोन दिवसांआड निम्मं पाणी बदला, मग अंतर वाढवत न्या. एक गोष्ट लक्षात ठेवा: एकूण अमोनियातला खरा विषारी भाग सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के. त्यामुळे जड, अल्कधर्मी पाणी असलेल्यांनी किटवरच्या फिक्या हिरव्या छटेकडेही दुर्लक्ष करू नये.

याच काळात काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. बोटाने पुसलं तरी जातं आणि टाकी मुरली की बहुधा येईनासं होतं. त्यासाठी औषध आणायला निघालात तर परत फिरा.

मासे थोडे थोडे आणा. एम्बर टेट्रा, रासबोरा, कोरिडोरस झाडांना हात लावत नाहीत. गोल्डफिश झाडं चरतो, त्याला दुसरं घर बघा. ओटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा गोड मासा टाकी काही महिने जुनी झाल्यावरच आणा. नव्या टाकीत त्याला खायला काही नसतं आणि तो उपाशी मरतो. अमानो कोळंबी कामाची आहे. केसाळ शेवाळ ती मनापासून खाते. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी तिला झाडांच्या टाक्यांत आणलं, म्हणून हे नाव.

सुधारणा: कुठल्या क्रमाने

टाकी उभी आहे, झाडं जिवंत आहेत, पण हवी तशी भरत नाहीत. इथून पुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि दोन आठवडे थांबायचं. खत, दिवा आणि फिल्टर एकाच रविवारी बदललं तर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने हे कुणीच सांगू शकत नाही.

पहिला क्रमांक पाण्याच्या प्रवाहाचा, कारण त्याला काहीच खर्च नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला चिकटून स्थिर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यातून पानापर्यंत पोचणं हीच वायूची मोठी अडचण. फिल्टरच्या तोंडाची दिशा बदलून बघा. सगळीकडची पानं अगदी हलकी डोलली पाहिजेत. एखाद्या कोपऱ्यात पान ढिम्म हलत नसेल तर शेवाळ आधी तिथेच येणार. पृष्ठभागही जरा हलता ठेवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची जोडणी नसलेल्या टाकीत त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत राहतो, आणि माशांना ऑक्सिजनही मिळतो. उन्हाळ्यात हे जास्तच महत्त्वाचं, कारण २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. उडालेल्या पाण्याची भर मात्र रोज घालावी लागते.

दुसरा क्रमांक खताचा. इथे पानं वाचायला शिका. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम असे हलवता येत नाहीत. ते कमी पडले की शेंड्याची पानं बिघडतात. हायग्रोफिलाची काडी उजेडाकडे धरून बघा. खालच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, भोवती पिवळी कड, हे पोटॅशियमचं लक्षण. खालची पानं सरसकट पिवळी पडून गळत असतील तर नायट्रोजन. शेंडा फिकट, जवळजवळ पांढरा, पण शिरा हिरव्या असतील तर लोह. भोक पडलेलं पान पुन्हा भरून येत नाही. खत सुरू केल्यावर त्या पानाकडे बघत बसू नका, नंतर आलेली पानं धड आहेत का ते बघा.

मात्रेचा अंदाज: नायट्रेट लिटरमागे १०-२० मिलिग्रॅम, फॉस्फेट १-२, पोटॅशियम १०-२०. कोरडी खतं वापरणाऱ्यांसाठी, पोटॅशियम नायट्रेट १ ग्रॅम १०० लिटरमध्ये टाकलं तर नायट्रेट ६ मिलिग्रॅमने वाढतं. आपल्या ५० लिटरला १० मिलिग्रॅम हवं तर ०.८ ग्रॅम पुरे. जास्त होईल या भीतीने लोक खत टाकत नाहीत, पण गणित दिलासा देणारं आहे: दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर कुठलंही खत आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीपलीकडे साठत नाही. पाणझाडांचे जाणकार टॉम बार यांची भरपूर खत आणि आठवड्याला निम्मं पाणी ही पद्धत याच हिशेबावर उभी आहे. वायू न देणाऱ्या टाकीला मात्र तिची एक तृतीयांश मात्राही पुरते.

तिसरा क्रमांक कार्बन डायऑक्साइडचा. हा टाकीचा स्वभावच बदलतो. साखर-यीस्टच्या बाटलीतून येणारा वायू आज जास्त, उद्या कमी असतो, आणि काळ्या दाढीला नेमकी हीच अस्थिरता मानवते. करायचंच तर सिलिंडर, रेग्युलेटर, विजेवर बंद होणारा सोलेनॉइड आणि पाणी उलटं न येऊ देणारा चेक व्हॉल्व्ह असं पूर्ण करा. वायू दिव्याच्या एक-दोन तास आधी सुरू, दिवा मालवायच्या तासभर आधी बंद. लक्ष्य लिटरमागे २०-३० मिलिग्रॅम. मोजायला ड्रॉप चेकर, म्हणजे वायूप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी कुपी, टाकीत लावा. त्याच्या पोटात टाकीचं पाणी भरू नका. ४ अंश केएचचं (कार्बोनेट क्षारांचं माप) तयार द्रावण भरा, नाहीतर लाकडातून सुटलेली आम्लं रंग फसवतात. निळा म्हणजे कमी, पोपटी ठीक, पिवळा म्हणजे माशांना धोका. हा रंग तास-दोन तास मागे चालतो, त्यामुळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर चेकर हिरवा दिसला तरी वायू लगेच बंद करा आणि एअर पंप लावा. बुडबुडे वाढवायचे ते सुट्टीच्या दिवशी, टाकीसमोर दिवसभर बसता येईल तेव्हा. ऑफिसला निघताना कधीच नाही.

हे सगळं स्थिरावलं, तरी लाल रोटाला हिरवटच राहिली किंवा माँटे कार्लो ही बुटकी वनस्पती जमिनीवर पसरायच्या ऐवजी वर उंचावत राहिली, तर आता प्रकाश वाढवा. आधी तास नव्हे, तीव्रता, आणि तीही थोडी थोडी. आठ तासांच्या वर मी कधी जात नाही.

शेवाळ

शेवाळ कुठलं ते ओळखल्याशिवाय उपाय करू नका. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके बहुधा फॉस्फेट कमी आणि प्रकाश जास्त असल्याने येतात, पात्याने खरवडायचे. हिरव्या-निळ्या सायीसारखा, कुबट वासाचा, एका ओढीत चादरीसारखा निघणारा थर हे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. तो सायफनने ओढून काढा, प्रवाह वाढवा, नायट्रेट शून्यावर गेलंय का बघा, आणि तीन-चार दिवस टाकी जाड कापडाने पूर्ण झाकून अंधार करा. मधेच कोपरा उचलून डोकावलं तर तो अंधार धरला जात नाही. काळी दाढी अनुबियासच्या जुन्या पानांवर हमखास येते. पाणी उपसून ते पान उघडं करा, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटांनी पाणी भरा. दाढी काही दिवसांत गुलाबी पडली की ती मेली. ती मग कोळंब्या खातात. फार माखलेलं पान सरळ कापा.

रोजच्या कामात फिल्टरबद्दल एवढंच: स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही, आणि सगळे स्पंज एकाच दिवशी नाहीत. छाटणी करताना देठाच्या झाडांचे वरचे शेंडे कापून तेच पुन्हा लावा, खालची विरळ बुडखी उपटून टाका.

छाटलेला कचरा नाल्यात, तळ्यात, नदीत टाकू नका. साल्व्हिनियाचा तुकडासुद्धा मोकळ्या पाण्यात पसरून अख्खं तळं झाकू शकतो. उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कुंडीतल्या मातीत मिसळा. गावाला जाणार असाल तर आठवडाभर आधी छाटणी आणि पाणीबदल उरका, दिवा पाच तासांवर आणा, खत बंद करा. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना किल्ली द्यायचीच असेल तर खाद्याचा डबा कपाटात कुलूपबंद ठेवा आणि एकेका दिवसाची चिमूट कागदाच्या पुड्यांत बांधून द्या.